लोखंडाला लावलेला कडता

आमचे सर पंख्याखाली बसत नसत. एप्रिलमधलं जालन्याचं ऊन म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. सगळं ऑफिस एकाच पंख्याखाली खुर्च्या ओढून बसलेलं, आणि सर भिंतीशी, शर्ट पाठीला चिकटलेला, रुमाल मानेत खोचलेला. मी नवीन होते. मला वाटलं नवस-बिवस असेल. न राहवून एकदा विचारलंच, तर मान वर न करता म्हणाले, "तो वरचा हूक कोणत्या लोखंडाचा हाय, तुला माहीत हाय का? मला तर न्हाई." बस, एवढंच. त्या दिवसापासून कुठंही बसायच्या आधी वर बघायची खोड मला लागली ती आजतागायत गेली नाही. माझा नवरा म्हणतो, तुझ्या सरांनी तुला पगारासोबत धास्ती पण दिली. खोटं नाही ते.

आमचं ऑफिस एमआयडीसीत होतं. आजूबाजूला रोलिंग मिल, संध्याकाळी घरी गेलं की नाकातून काळी धूळ निघायची. काम असं की शेड, टाक्या, पाण्याचे स्टँड, असलं काही लोखंडाचं उभं करायच्या आधी आम्ही ते कॉम्प्युटरवर उभं करायचो, त्याच्यावर वजन टाकायचो, वारा सोडायचो आणि कुठं वाकतंय ते बघायचो. बघायला फार छान दिसतं ते. निळं, हिरवं, पिवळं, आणि जिथं धोका तिथं लाल. पण गंमत अशी की सॉफ्टवेअरला लोखंड म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. ते आपण सांगायचं. किती जड, किती ताकदीचं, किती ताणलं की परत येतं, किती ताणलं की येत नाही. हे आकडे जिथं भरून ठेवतात तिला मटेरियल लायब्ररी म्हणतात, आणि आमच्या ऑफिसची लायब्ररी सरांच्या ताब्यात होती. दुसऱ्या कुणी तिथं बोट लावायचं नाही.

लायब्ररीत एक नवीन माल घालायचा म्हणजे घरात नवी सून यायची असल्यासारखी तयारी. आधी त्या मालाचा तुकडा टेबलावर पाहिजे. "तुकडा कुठंय?" हे त्यांचं पहिलं वाक्य. मागच्या फळीवर श्रीखंडाचे रिकामे डबे, मिठाईचे खोके, त्यांत अँगलचे, पत्र्याचे, नळ्यांचे तुकडे, प्रत्येकाला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली. बाजूच्या बरण्यांत मका, सरकी, सोयाबीन, कारण टाकीत जे भरायचं तेही मटेरियलच. मग तुकडा सगळ्यांनी हातात घ्यायचा. खरंच घ्यायचा. हिशोब लिहिणारे काका सुद्धा सुटायचे नाहीत. "हातात घेतल्याबिगर माल लायब्ररीत जायचा न्हाई," असा नियम. काका एकदा जेवता जेवता डाव्या हातात अर्धा किलोचा चॅनेलचा तुकडा धरून बसलेले मी पाहिलेत.

सॉफ्टवेअरसोबत तयार मटेरियलची एक यादी फुकट येते. सरांना तिचा भारी राग. कुठल्या देशातलं लोखंड, कुणी मोजलं, कधी मोजलं, काही पत्ता नाही. त्यांनी त्या यादीतल्या प्रत्येक नावापुढं 'उधार' असा शब्द टाकून ठेवला होता, म्हणजे कुणी चुकून वापरलं तर लगेच दिसावं. एकदा घाईत कुणीतरी वापरलंच, आणि वडीगोद्रीच्या एका हॉटेलवाल्याच्या शेडचा रिपोर्ट तसाच छापून गेला. हॉटेलवाला रिपोर्ट घेऊन थेट आमच्या ऑफिसच्या मालकांपुढं. "साहेब, मी तर सगळे पैसे रोख दिले, मंग हे लोखंड उधारीवर कामून आणलं तुम्ही?" मालकांनी कपाळाला हात लावला. सर मात्र शांतपणे म्हणाले, "खरं तेच छापून आलंय. परत करून देतो."

त्यांचं दुसरं एक म्हणणं होतं: "मॉडेलला आधी वजन विचारायचं, मंग ताकद." एका पोरानं एककात गडबड केली आणि त्याच्या अख्ख्या गोदामाचं वजन कांद्याच्या गोणीएवढं आलं. सगळं हिरवंगार, कुठं लाल टिपका नाही. पोरगा खुश. सरांनी वजन बघितलं आणि म्हणाले, "चल, उचलून दाखव." आम्ही सगळे हसलो. सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा असा पडला होता की आमचंही हसू पुढं टिकलं नाही. दिवसभर ते मधेच उठून त्या पोराच्या खुर्चीमागं जाऊन उभे राहायचे आणि परत यायचे.

अशा माणसाला लग्नाला बोलवायचं म्हणजे काय होतं बघा. आमच्या वाटूरला माझ्या चुलतबहिणीचं लग्न होतं. सर आले, आहेर दिला, मांडवाच्या नळ्या वर बघितल्या, आणि ताट घेऊन थेट बाहेर, भर उन्हात, रस्त्याच्या कडेला जाऊन जेवायला बसले. आमची काकू रडायच्या बेताला आली. "पावण्यांना काय कमी पडलं गं आपल्यात?" तिला काय सांगू मी? शेवटी दादानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, स्वतःचं ताट उचललं आणि त्यांच्या शेजारी उन्हात जाऊन बसला. दोघं काय बोलले कोण जाणे. पण तेव्हापासून सर मला अधूनमधून विचारायचे, "दादा बरा हाय ना?"

आता कडत्याचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सरांचे वडील जुन्या जालन्यात अडते होते. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, शेतकऱ्यानं माल आणला की तो तोलायचा, आणि तोलून झाल्यावर वजनातून थोडं कापायचं. माती असते म्हणून, ओल असते म्हणून, पोत्याचं म्हणून. कारण काहीही, कापायचं हे नक्की. त्याला कडता म्हणायचे. सर लहानपणी शाळेतून आले की काट्याशेजारी बसायचे आणि वडलांच्या तोंडून निघेल ते वजन मोठ्यानं परत म्हणायचे. कापलेलं वजन. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच मोंढ्यात सोयाबीन घेऊन जायचे. सरांच्याच दुकानात असं नाही, पण दुकानं सगळी सारखीच. एकदा मी अण्णांबरोबर गेल्ते. काट्यावर एक दिसलं आणि तोंडानं दुसरं बोललं गेलं, आणि अण्णा नुसते उपरणं झटकत उभे. त्यांना कुणी काही विचारलं नाही, त्यांनीही कुणाला विचारलं नाही. मला तेव्हा अण्णांचाच राग आला होता.

सर ही नोकरी करायला लागल्यावर त्यांनी काय केलं, तर लोखंडाला कडता लावायला सुरुवात केली. मिलच्या सर्टिफिकेटवर ताकद जेवढी लिहिलेली, त्यातून थोडी कापून लायब्ररीत भरायची. मालक वैतागायचे. "सर, मिलनं लेखी दिलंय ना? मंग कामून कापता? गिऱ्हाइकाला लोखंड जास्ती लागतं, खर्चा वाढतो."

"मिलनं त्यांच्याकडच्या चांगल्या तुकड्याचं लिहून दिलंय," सर म्हणायचे. "आपल्याकडं येणारा तुकडा तोच हाय का?" आणि मला नंतर हळूच म्हणाले होते, "वडलांनी जलमभर शेतकऱ्याला कडता लावला. मी लोखंडाला लावून राह्यलो. तेवढंच."

आणि नियम साधा होता. जो माल धरून ठेवतो, त्याची ताकद कमी लिहायची. जो माल अंगावर बसतो, त्याचं वजन जास्त लिहायचं. म्हणजे दोन्हीकडून आपण भ्यायलेले बरे. हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की भाकरी थापतानाही आठवायचं.

मग वाटूरची टाकी आली. गावातल्या लोकांनी मिळून शेतकऱ्यांची कंपनी काढली होती, सोयाबीन स्वतःच साठवायची, मोंढ्याच्या काट्याकडं जायचंच नाही, असं ठरवून. उंच लोखंडी पायांवर टाकी, खाली निमुळतं तोंड, तोंडाला दार. दारापाशी पोतं धरायचं, दांडा ओढायचा, माल पडतो. काम आमच्या ऑफिसला मिळालं. मॉडेल मी केलं, मटेरियल सरांनी दिलं. आणि टाकी उभी राहिल्यावर त्या दाराशी नोकरीला लागला माझा दादा. दिवसभर टाकीखाली स्टुलावर. घरात केवढा आनंद. सरांनी विचारलं, "दादा कुठं बसतो?" मी म्हणाले, खालीच. मग दर आठवड्याला तोच प्रश्न. मी म्हणायचे, सर, आपणच केलंय ना, पास हाय ना. ते म्हणायचे, "म्हणून तर विचारतो."

पहिले दोन हंगाम टाकी निम्म्यावर कधी गेलीच नाही. लोकांचा भरवसा बसायचा होता, अजून बरेच जण मोंढ्यातच जायचे. तिसऱ्या वर्षी पीक जोरात आलं आणि भाव पडला, तेव्हा सगळ्यांनी माल टाकीत आणून ओतला. दादानं फोनवर सांगितलं, "काठोकाठ भरली गं, वर हात फिरवायला जागा न्हाई." त्याच्या आवाजात अभिमान होता. मी हसले, आणि फोन ठेवल्यावर नकळत वर बघितलं.

सरांची पद्धत अशी की दर हंगामाला धान्य परत मोजायचं. दादानं पिशवीभर नवीन सोयाबीन पाठवली होती, ती मी सकाळी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ठरलेलं डबडं भरलं, वरून पट्टी फिरवली, काट्यावर ठेवलं, हिशोब केला. एका घनमीटरला साडेसातशे किलो. दरवर्षीसारखंच. आकडा तोच आला की एरवी ते लायब्ररी उघडत नसत, पण या वेळी टाकी काठोकाठ होती, म्हणून ताळ्यासाठी त्यांनी ती उघडली आणि तसेच थांबले.

लायब्ररीत सातशे लिहिलेलं होतं.

सरांनी डबडं रिकामं केलं, परत भरलं. परत साडेसातशे. काटा बदलला. मग मला म्हणाले, "तू भर." भरताना थोडी सोयाबीन टेबलावर सांडली. तेच. नियमानं तिथं आठशे पाहिजे होते, मोजलेल्यापेक्षा जास्त. आणि होते सातशे, म्हणजे टाकी पास झाली होती ती हलक्या मालावर.

"मी कापलं," सर म्हणाले. "समोर धान्य, समोर काटा. वजन आलं आन् मी कापून लिहिलं. कळलं पण न्हाई मला." आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिले. "वडलांचा हात हाय हा."

मी दादाला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. मशीन चालू असलं की त्याला ऐकू येत नाही हे मला माहीत होतं, तरी लावत राहिले. मालक म्हणाले, थांबा जरा, बरोबर आकडा घालून परत रन लावू, दुपारपर्यंत उत्तर येईल, मग ठरवू. त्यांचं काही चुकत नव्हतं. सरांनी आठशे घातले, रन सुरू केला आणि चपला घातल्या. "उत्तर येईल तेव्हा येईल. तिथं माणूस बसलेला हाय."

मालकांनी आपली गाडी दिली. मंठ्याच्या रस्त्यानं आम्ही निघालो. सर एरवी गाडीत बसले की चालवणाऱ्याला हळू, हळू म्हणून भंडावून सोडायचे. त्या दिवशी एकदाच बोलले, "जल्दी घ्या." मी फोन लावतच होते. रस्त्याला सोयाबीन भरलेले टेम्पो दिसले की वाटायचं, हेही तिकडंच चाललेत, अजून भरणार. देवाला काय काय बोलले ते आता सांगण्यासारखं नाही. वाटूर जवळ आलं तशी मी खिडकीतून मान बाहेर काढली, झाडांच्या वर टाकीचं टोपण दिसतं का बघायला. दिसलं. मला रडूच आलं.

दादा खालीच होता. जेवणाचा डबा टाकीच्या पायाला सुतळीनं लटकवलेला, आणि हा आरामात पोतं शिवून राह्यलेला. मी लांबूनच ओरडले, "दादा, बाहेर ये." तो म्हणाला, "आगं एवढी गाडी भरून घेऊ दे, दहा मिन्टं." सर माझ्या पुढून चालत थेट टाकीखाली गेले. पंख्याखाली न बसणारा माणूस. त्यांनी दादाच्या हातातला दाभण काढून घेतला आणि म्हणाले, "भाऊ, मी वजन चुकीचं लिहिलंय. तुम्ही बाहेर व्हा. टाकी निम्मी करायची."

"पण सर, दार एकदम सोडलं तर माल गठ्ठ्यानं येतो, सगळी टाकी हादरती," दादा म्हणाला. "दांड्यावर कुणीतरी बसावंच लागतं."

"मंग मी बसतो की."

दादा ऐकेना. "तुम्हाला सवय न्हाई सर. माझं काम हाय ते."

"काम तुमचं हाय, चूक माझी हाय," सर म्हणाले, आणि स्टुलावर बसले. "दांडा किती ओढायचा, तेवढं दाखवा आन् जा."

दाराला पत्र्याची पन्हळ जोडली, बाहेर ताडपत्र्या अंथरल्या आणि माल पन्हळीतून हळूहळू बाहेर यायला लागला. गावातली माणसं जमली. आम्ही सगळे लांब उभे आणि टाकीखाली एकटे सर, डोक्यावर अख्ख्या गावाचं पीक. ते वर बघत नव्हते. दांड्यावर हात आणि नजर पायांच्या खालच्या प्लेटवर. मधूनच पत्रा कुठंतरी 'टण्' वाजायचा. दादा म्हणाला, रिकामी होताना रोजच वाजतो. तरी प्रत्येक वेळी मी त्याचा दंड घट्ट धरायचे.

तेवढ्यात मालकांचा फोन आला. उत्तर आलं होतं. मी पळत टाकीजवळ गेले.

"सर, पास झालं. अगदी काठावर, पण पास. या बाहेर."

"लोखंड कोणतं घातलेलं?"

"आपलंच. कडता लावलेलं."

त्यांनी दांडा थोडा सैल केला. माल येत राहिला. चेहरा धुळीनं पांढरा झाला होता, त्यावर घामाच्या रेघा. मला वाटलं आता उठतील. "बरं झालं," ते म्हणाले. "तू मागं सरक." आणि टाकी निम्मी होईपर्यंत ते उठले नाहीत. नंतर दादानं त्यांना हौदावर नेऊन हातपाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला. मालक पुढं कितीदा म्हणाले, टाकी तर पडली नसतीच. सर म्हणायचे, "न्हाई पडली, हे बराबर. पण मी लिहिलेलं चूकच होतं."

आता सर निवृत्त झालेत. घरी माळ्यावरचे सगळे डबे त्यांनी उतरवायला लावले म्हणून त्यांच्या बायकोची तक्रार असते. दादा अजून त्याच टाकीवर आहे. पायांना नंतर आडवे अँगल जोडून घेतले आणि दांडा बाहेरून ओढता येईल असा केला, त्यामुळं तो आता उघड्यावर बसतो आणि उन्हाच्या नावानं बोटं मोडतो. लायब्ररी माझ्याकडं आली. नवीन पोरं तुकडा हातात घ्यायला सांगितलं की एकमेकांकडं बघून हसतात. हसू देत. मी पंख्याखाली बसत नाही.

पण मला सर आठवतात ते वाटूरहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीचे. मी ऑफिसात पोचले तेव्हा ते माझ्याआधी आलेले होते. लायब्ररी उघडलेली, आणि आदल्या दिवशी घाईत घातलेला आकडा खोडून सोयाबीनसमोरची जागा रिकामी ठेवलेली. खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "बस. हे तू लिही."

लायब्ररीत आजवर दुसऱ्या कुणी बोट लावलं नव्हतं. मी म्हणाले, "सर, तुम्हीच लिहा ना. आठशे लिहायचं माहीत हाय की."

"माझ्या हाताचा मला भरवसा न्हाई आता."

मी बसले. त्यांनी बरणीतली मूठभर सोयाबीन माझ्या डाव्या हातावर ठेवली, नियमाप्रमाणं. आमच्याच शिवारातली होती ती, थोडी माती लागलेली. माझ्या डोळ्यांपुढं अण्णा आले, काट्यासमोर उपरणं झटकणारे. मी उजव्या हातानं आठशे लिहिलं.

सर मागं उभे होते. जुन्या जालन्यातल्या अडत्याचा मुलगा. चष्मा पुसून त्यांनी आकडा वाचला, परत वाचला. मग थोडं वाकून, भीत भीत, मला विचारलं, "कमी तर न्हाई ना लिहिलं गेलं तुमचं?"